कार्बन-तंतूंचें चाक : बळ आणि व्यवहार

गेल्या सत्रांत पदार्थविज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, मोटारीचें चाक इतकें हलकें केलें तर तें दुबळें होणार नाहीं काय? कार्बनच्या चाकावर विश्वास कसा ठेवावा?" घंटा होण्याची वेळ झाली होती. आम्हीं घाईनें उत्तर दिलें, "कार्बनचा तंतु पोलादाहून बळकट असतो, भिण्याचें कारण नाहीं." वर्गाचें समाधान झालें, आमचें मात्र झालें नाहीं. तें उत्तर अर्धेंच खरें होतें. शिक्षकानें अर्धें सत्य सांगून थांबणें बरें नव्हे, म्हणून उरलेलें अर्धें येथें सांगून आम्ही त्या विद्यार्थ्याचें ऋण फेडीत आहों.

प्रथम चाकाला काय काय सोसावें लागतें तें पाहूं. बैलगाडीचें चाक आपण सर्वांनीं पाहिलें आहे : मध्यें तुंबा, त्यांतून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव. सुतार आरा घडवितांना लांकडाची रेषा आऱ्याच्या लांबीनें ठेवितो. आडव्या रेषेचा आरा केला तर तो पहिल्याच दगडावर मोडेल. लांकूड तेंच, जाडी तीच. पण दिशा चुकली कीं बळ गेलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचनाचें मूळ तीच आहे.

मोटारीच्या चाकावर गाडीचा भार असतो. ब्रेक दाबला कीं त्याला पीळ पडतो, वळणावर तें बाजूस ढकललें जातें आणि खड्ड्यांत आदळलें कीं त्यावर एकाएकीं आघात होतो. शिवाय दर फेऱ्याला त्याच्या प्रत्येक भागावरचा ताण वाढतो आणि कमी होतो. टायरचा घेर सुमारें २ मीटर धरिला तर एका किलोमीटरास ५०० फेरे होतात. एक लाख किलोमीटरांत ५ कोटी! इतक्या वेळां वाकविलें असतां धातूही थकते. म्हणून चाकाची परीक्षा एका मोठ्या भारानें पुरी होत नाहीं.

आतां कार्बन-तंतूकडे वळूं. १८८० सालीं एडिसननें बांबूची बारीक काडी बंद भांड्यांत जाळून कोळशाचा तंतु केला व तो विजेच्या दिव्यांत वापरला. तो ठिसूळ होता. बळकट तंतूचा शोध त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं लागला. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यांनीं अत्यंत बळकट कार्बन-तंतु प्रयोगशाळेंत सिद्ध केला. १९६० च्या सुमारास जपानांत अकिओ शिंदो यांनीं, आणि मागाहून इंग्लंडांतील फार्नबरो येथील संशोधकांनीं, पॉलिॲक्रिलोनायट्रिल नांवाच्या कृत्रिम धाग्यापासून तो करण्याची रीत बसविली. हा धागा आधीं हवेंत २०० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेवर ताणून धरितात. नंतर नायट्रोजन वायूंत १००० अंशांहून अधिक तापवितात. इतर मूलद्रव्यें बहुतेक निघून जातात आणि कार्बन उरतो. असा तंतु केसाच्या एकदशांशाइतका बारीक असतो.

त्याचें बळ खरोखर विलक्षण आहे. साधें पोलाद सुमारें ४०० मेगापास्कल ताणाला तुटतें. चांगला कार्बन-तंतु ३५०० ते ५००० मेगापास्कल ताण सोसतो, आणि त्याचें वजन पोलादाच्या पावपटीहूनही कमी. आमचें घाईचें उत्तर येथवर बरोबर होतें.

परंतु नुसत्या तंतूचें चाक होत नाहीं. तंतु राळेंत बसवून राळ कडक करावी लागते. सर्व तंतु एकाच दिशेनें ठेवून पत्रा केला, तर तंतूंच्या लांबीनें तो १५०० ते २५०० मेगापास्कल ताण सोसतो. आडवा ओढला तर सुमारें ५० मेगापास्कलला फाटतो, कारण तेथें सारा भार राळेवर येतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें चाक २५० ते ३०० मेगापास्कल ताणाचेंच असतें. पण तें कोणत्याही बाजूनें ओढा, बळ जवळजवळ सारखें. बांबू कोयत्यानें उभा चटकन् फुटतो, आडवा तोडावयास घाम निघतो. म्हणूनच बुरूड बांबूच्या पट्ट्या एकमेकींवरून उभ्या-आडव्या विणून टोपली करितो. कार्बनचें चाक घडविणें हें एका दृष्टीनें बुरूडकामच आहे. कोणत्या जागीं कोणत्या दिशेनें ताण येईल याचें गणित करून तंतूंचे थर उभे, आडवे व तिरपे रचावे लागतात. रचना चुकली तर उत्तम तंतूचेंही चाक वाईट होईल.

हें काम साधलें आहे यांत शंका नाहीं. ऑस्ट्रेलियांतील जिलाँग येथें २००७ सालीं स्थापन झालेली कार्बन रेव्होल्यूशन ही कंपनी एकसंध कार्बन-चाकें करूं लागली. तंतूंचीं वस्त्रें साच्यांत रचून त्यांत राळ भरावयाची आणि उष्णतेनें ती पक्की करावयाची, ही तिची रीत. २०१५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या शेल्बी जीटी ३५० आर या वेगवान गाडीस हीं चाकें मूळचींच बसविलीं. तसलें ॲल्युमिनियमचें चाक सुमारें १५ किलोग्रॅम भरतें, हें सुमारें ८ किलोग्रॅम. पुढें २०१७ सालीं पोर्शे कंपनीनेंही अशीं चाकें देऊं केलीं. तिच्या म्हणण्याप्रमाणें तीं धातूच्या चाकांहून शेंकडा २० हलकीं आणि शेंकडा २० अधिक बळकट होतीं.

या हलकेपणाचा लाभ कोणता? पुष्कळांचा समज असा कीं, त्यानें गाडी बाणासारखी सुटते. हिशेब करूं या. चाक पुढें जातें आणि फिरतेंही; म्हणून चाकाच्या कडेवरचा १ किलोग्रॅम वेग घेतांना सुमारें दीड किलोग्रॅमासारखा भासतो. चारी चाकांत वांचलेले २८ किलोग्रॅम सर्वच कडेवरचे मानिले, तरी फार तर ४२ किलोग्रॅमांचा लाभ झाला. गाडीचें वजन सुमारें १६५० किलोग्रॅम. म्हणजे लाभ शेंकडा अडीचाचा. खरा लाभ दुसरीकडे आहे. चाक हें स्प्रिंगांच्या खालीं असतें. तें हलकें असलें कीं उंचवट्यावरून उडालेलें चाक लवकर खालीं येऊन रस्त्यास चिकटतें, आणि रस्त्याला चिकटलेलें चाकच गाडीला वळवूं व थांबवूं शकतें. या चाकांमुळें फोर्डच्या यंत्रज्ञांना स्प्रिंगांची व धक्काशोषकांची मांडणी नव्यानें जुळवावी लागली.

आतां उरलेलें अर्धें सत्य. धातु आणि कार्बन हीं निरनिराळ्या तऱ्हांनीं हार मानितात. ॲल्युमिनियम आधीं वाकतें, मग तुटतें. कार्बनचा पत्रा वाकून राहत नाहीं. मर्यादेपर्यंत ताठ असतो आणि नंतर एकदम मोडतो, अथवा वरून अभंग दिसतो पण आंतले थर एकमेकांपासून सुटतात. इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनीनें विमानाच्या आरबी २११ एंजिनासाठीं कार्बन-तंतूंचीं पातीं केलीं होतीं. ताणाला तीं उत्तम होतीं. परंतु १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या परीक्षेंत टिकलीं नाहींत, आणि त्यांच्या जागीं टायटॅनियमचीं पातीं घ्यावीं लागलीं. त्या एंजिनाच्या वाढत्या खर्चापायीं १९७१ च्या फेब्रुवारींत कंपनीचें दिवाळें वाजलें.

आमचे एक स्नेही पावसाळ्यांत सहकुटुंब घाट उतरत असतां त्यांच्या मोटारीचें चाक खड्ड्यांत आदळलें. ॲल्युमिनियमची कड वाकली, हवा हळूहळू गेली आणि मंडळी सावकाश खालच्या गांवीं पोंचली. वांकलेली कड पाहून कारागिरानें क्षणांत सांगितलें, "हें चाक बदला." कार्बनचें चाक तेथें मोडलेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं, चांगलें घडविलेलें चाक तो धक्का कदाचित् निमूटपणें सोसतें. पण खरोखर सोसला, कीं आंतून फाटलें, हें गांवच्या कारागिरास नुसत्या डोळ्यांनीं कळलें नसतें. कारखान्यांत चाकाचें अंतरंग क्ष-किरणांनीं तपासतां येतें. घाटाच्या पायथ्याशीं तें यंत्र कोठून आणावें? चार माणसांचे प्राण ज्या चाकावर आहेत, त्याच्या बाबतींत ही उणीव लहान नव्हे.

आणखी दोन अडचणी आहेत. पहिली उष्णतेची. वेगवान गाडीच्या ब्रेकची तबकडी ९०० अंशांहूनही अधिक तापूं शकते, आणि राळ तर त्याच्या किती तरी खालीं मऊ पडते. म्हणून वर सांगितलेल्या फोर्डच्या चाकांस आंतून चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा लेप प्लाझ्माच्या झोतानें चढवितात. दुसरी अडचण पैशाची. पोर्शेच्या चार चाकांची किंमत जर्मनींत सुमारें १५ हजार युरो होती. तेवढ्यांत एक साधी नवी मोटार येते. शिवाय मोडलेलें धातूचें चाक वितळवून नवें करितां येतें. कडक झालेली राळ पुन्हां वितळत नाहीं.

तेव्हां आमचें सुधारलेलें उत्तर असें : कार्बनचें चाक दुबळें नाहीं. योग्य रचनेचें व परीक्षा दिलेलें असेल, तर तें धातूच्या चाकाची बरोबरी करितें, कांहीं बाबतींत वरचढही ठरतें. चांगल्या रस्त्यावर, वेगवान गाडीस, आणि जेथें तपासणीची सोय आहे तेथें तें व्यवहार्य आहे. खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मोटारीस मात्र, वांकून इशारा देणारें साधें चाकच आज अधिक हिताचें.

विद्यार्थी मित्रहो, एखादी वस्तु "बळकट आहे" असें कोणी सांगितलें, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : कोणत्या दिशेनें बळकट? कोणत्या भारापुढें बळकट? आणि हार मानावयाची वेळ आली, तर ती आधीं सुचवील कीं नाहीं? हे प्रश्न आम्हींच त्या दिवशीं विचारावयास हवे होते. घंटा झाली होती, ही सबब खरी; पण ती पुरेशी नव्हे.