हिवाळ्यात पडवीत फळरोपांची जोपासना

डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने नाशिक, धुळे व जळगाव या जिल्ह्यांत फळरोपे तयार करणाऱ्या बागाईतदारास काळजीचे असतात. निफाडजवळील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. गव्हास ही थंडी मानवते. पपईच्या कोवळ्या रोपास ती मुळीच सोसत नाही. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये पपईची लागवड करावयाची असेल, तर तिची रोपे याच थंडीत वाढवावी लागतात. ज्यांना हरितगृहाचा खर्च झेपत नाही, अशा शेतकऱ्यांनी आपल्या घराच्या दक्षिणेकडील पडवीचा उपयोग केल्यास दोन-तीनशे रोपे सहज तयार होऊ शकतात.

मात्र आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडवीत ठेवलेली रोपे मेली म्हणजे आपण थंडीस दोष देतो. परंतु ती पुष्कळदा थंडीने नव्हे, तर पाण्याने मेलेली असतात. आडोशाने थंडी अडते. पण त्याच आडोशाने ऊन व वाराही कमी होतो. ऊन कमी मिळाले की रोप पाणी कमी पिते. अशा वेळी नेहमीइतकेच पाणी घातल्यास माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीस आयते घर मिळते. म्हणून ऊब, प्रकाश व पाणी या तिहींचा मेळ राखणे, हेच या कामाचे सार होय.

दक्षिणाभिमुख पडवीच का?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिकच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर येतो. त्यामुळे पडवीची वळचण २ मीटर उंच असेल, तर दुपारचे ऊन फरशीवर जवळजवळ १.९ मीटर आत येते. उलट मे महिन्यात सूर्य माथ्यावर असल्याने तीच पडवी सावलीत राहते. रोपे या १.९ मीटरच्या पट्ट्यातच मांडावीत. त्यामागील जागा पाण्याची भांडी व अवजारे यांसाठी ठेवावी. मागील भिंतीस चुन्याची सफेदी दिल्यास प्रकाश परतून रोपांच्या दुसऱ्या बाजूसही मिळतो.

हे तत्त्व नवे नाही. फ्रान्समधील व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात संत्रावर्गीय झाडांसाठी मोठी इमारत बांधण्यात आली. तिच्या खिडक्या दक्षिणेस असून भिंती अतिशय जाड आहेत. लाकडी पेट्यांत लावलेली झाडे हिवाळ्यात आत ठेवावयाची व उन्हाळ्याच्या तोंडी बाहेर काढावयाची, असा तेथील परिपाठ आहे. आपल्या पडवीची जाड भिंत व दक्षिणेचे ऊन हेच काम लहान प्रमाणावर करतात.

पडवी तयार करणे

पडवीच्या उघड्या बाजूंस पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावावा. तो गुंडाळून वर घेता येईल असा बांधावा; कायमचा ठोकू नये. त्याच्या आतून कीटकरोधक जाळी लावल्यास दिवसा कागद उघडल्यावरही मावा आत येत नाही. पपईवरील रिंगस्पॉट हा विषाणूरोग मावा किडीमार्फत पसरत असल्याने ही जाळी अत्यावश्यक समजावी.

निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते व झपाट्याने निवते. साधा प्लॅस्टिकचा कागद ही उष्णता पुरेशी अडवीत नाही. म्हणून उघड्या शेतातील प्लॅस्टिकच्या बोगद्यातही पहाटे रोपे गारठतात. पडवीवरील छप्पर मात्र हे नुकसान पुष्कळ अंशी टाळते. समोरच्या कागदावर सूर्यास्तापूर्वी गोणपाट सोडल्यास संरक्षण अधिक चांगले होते.

भिंतीलगत उन्हात पाण्याने भरलेले काळे पिंप ठेवावे. दिवसा तापलेले २०० लिटर पाणी रात्री १० अंशांनी निवले, तर २००० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. पाव किलोहून थोडा अधिक लोणारी कोळसा जाळल्याइतकी ही ऊब असते, आणि ती रात्रभर सावकाश मिळते. बंद पडवीत कोळशाची शेगडी मात्र कदापि पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांच्याही जिवावर बेततो.

कोणती रोपे आत घ्यावीत?

पपई व केळीची ऊतिसंवर्धित रोपे यांना आसऱ्याची सर्वांत अधिक गरज असते. कागदी लिंबाची रोपे थोडी थंडी सोसतात. परंतु उष्णतामान १३ अंशांच्या खाली राहिल्यास त्यांची वाढ थांबते, म्हणून लहान रोपे आत घेणे हितावह असते. स्ट्रॉबेरीस थंड रात्र मानवते. तिला उबेसाठी पडवीत कोंडण्याचे कारण नाही.

पेरणी

पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत व वाळू समभाग घेऊन मिश्रण करावे व ते १० × १५ सेंटीमीटर मापाच्या, तळाशी भोके पाडलेल्या पिशव्यांत भरावे. पपईच्या ताज्या बियांवरील बुळबुळीत आवरण उगवणीस अडथळा करते. ते राखेत चोळून व धुऊन काढावे. बी १ सेंटीमीटर खोल पेरावे. उबदार हवेत ते दोन ते तीन आठवड्यांत उगवते. थंडीत अधिक दिवस लागतात. बी उगवले नाही म्हणून पाणी वाढविणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्याने बी कुजते.

पाणी व हवा

पाणी सकाळी ऊन आल्यावर, साधारण दहाच्या सुमारास, झारीने द्यावे. रात्रभर उघड्या हौदात निवालेले पाणी घालू नये. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी हिवाळ्यात कोमट असते, ते उत्तम. पाण्याचा दिवस ठरवून ठेवू नये. पिशवी उचलून पाहावी. जड लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये, हलकी लागल्यास द्यावे. सायंकाळी पाणी देण्याची सवय सोडावी.

पडवीत रोपांच्या उंचीवर एक उष्णतामापक टांगावा. पारा ३० अंशांवर गेला की कागद वर गुंडाळावा व दुपारी चारच्या सुमारास पुन्हा सोडावा. कागदाच्या आतील बाजूस सकाळी दव साचल्यास फडक्याने पुसावे व बाहेरील धूळ आठवड्यातून एकदा धुवावी. रोपे उजेडाकडे कलतात; यास्तव पिशव्या दर आठवड्यास अर्ध्या फिरवाव्यात. वाढ मंद आहे म्हणून नत्रखत देऊ नये. त्याने रोप उंच व लुसलुशीत होते आणि शेतात तग धरीत नाही.

दोष ओळखणे

रोप बिघडलेले दिसताच प्रथम त्याचा बुंधा पाहावा. बुंधा घट्ट असून शेंड्याची कोवळी पाने कडेने काळवंडली असतील, तर तो थंडीचा परिणाम होय. अशा वेळी रात्रीचे आच्छादन वाढवावे. बुंधा मातीलगत मऊ व पाणचट होऊन रोप कोलमडले असेल, तर ते बुरशीचे काम समजावे. अशी रोपे पिशवीसह उचलून दूर नष्ट करावीत, उरलेल्यांचे पाणी तोडावे, हवा खेळती ठेवावी आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात मिसळून बुंध्यालगत ओतावे. औषध देण्यासाठी पिशव्या अंगणात न्याव्यात. राहत्या घराच्या पडवीत औषध वापरू नये. बुंधा घट्ट, पाने फिकट व कांडी लांबलेली असल्यास प्रकाश कमी पडत आहे असे जाणावे व रोप पुढे सरकवावे.

या तीन दोषांची गल्लत केल्यास उपायच अपाय होतो. बुरशीने कोलमडणाऱ्या रोपांवर थंडी समजून दिवसाही गोणपाट टाकले, तर उरलेली रोपेही चार-आठ दिवसांत हातची जातात आणि लागवडीचा हंगाम टळतो.

शेतात नेण्यापूर्वी

लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे बाहेरच्या हवेस सरावू द्यावीत. पहिले दोन दिवस केवळ सकाळचे ऊन द्यावे, मग वेळ वाढवीत न्यावा, आणि रात्रीचा गारठा ओसरल्यावर शेवटच्या रात्री ती उघड्यावर ठेवावीत. पडवीतून थेट शेतात नेलेले रोप दुपारच्या उन्हाने माना टाकते.

एका वहीत रोजचे किमान उष्णतामान, पाणी दिल्याचा दिवस व मेलेल्या रोपांची संख्या लिहून ठेवावी. हंगाम संपल्यावर ती वही चाळली म्हणजे रोपे गारठ्याच्या रात्रींनंतर गेली की पाण्याच्या दिवसांनंतर, हे शेतकरी बंधूंस आपल्याच नोंदीवरून कळेल. आणि पुढील हिवाळ्यात झारी उचलण्यापूर्वी त्यांचा हात पिशवीकडे जाईल.