कड्यावर घिरट्या घालतं ते कोण?

प्रश्न : आमचं गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कड्यावर मोठाले पक्षी घिरट्या घालतात. सासरे म्हणतात गिधाडं, शाळेत जाणारी लेक म्हणते घारी. खरं कोणाचं? आणि गिधाडं असतील तर ती कोणती, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक भगिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : माझं मत सासऱ्यांकडे झुकतंय, पण आधी शेपटी बघा. घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते आणि उडताना ती शेपटी सारखी डावी-उजवीकडे वळवत राहते. गिधाडाची शेपटी आखूड असते. त्याचे पंख फळीसारखे लांब-रुंद, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली, आणि कितीतरी वेळ ते पंख हलवतच नाही. तुम्ही लिहिलेली वेळही बोलकी आहे. घार उजाडताच कामाला लागते. एवढं अवजड शरीर पंख मारत वर नेणं गिधाडाला परवडत नाही, म्हणून ऊन चढून गरम हवा वर जाऊ लागेपर्यंत ते कपारीत बसून राहतं.

आता जात. भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. पुस्तकात त्यांची चित्रं शेजारी-शेजारी छापतात, त्यामुळे कुठलंही गिधाड कुठेही दिसेल असं वाटतं आणि नवशिके पिसांचे रंग जुळवत बसतात. माझा सल्ला उलटा आहे. पक्षी कुठे बसतो आणि घरटं कुठे करतो ते आधी पाहावं, रंगाचं नंतर.

तुमच्याकडे कडा आहे. सह्याद्रीच्या कड्यावर वस्ती करून राहणारं गिधाड बहुधा लांब चोचीचंच. मातकट-फिकट अंग, काळपट उघडी मान, मानेच्या बुडाशी पांढरट पिसांची झालर आणि फिकट चोच. कपारीत काटक्यांचं घरटं करतं, हंगामाला एकच अंडं घालतं. घरट्याखालच्या खडकावर विष्ठेचे पांढरे ओघळ उतरलेले असतात. मी तर पक्ष्याआधी ओघळ शोधायला सांगेन, कारण पक्षी उडून जातो. याच जातीनं मध्य प्रदेशात ओरछाच्या राजघराण्याच्या छत्र्या घरट्यांसाठी पसंत केल्या आहेत, आणि कर्नाटकात रामनगरजवळच्या रामदेवर बेट्टाचे खडक. ‘शोले’ चित्रपटातलं रामगढ ते हेच! तिथे 2012 मध्ये गिधाडांसाठी खास अभयारण्य जाहीर झालं.

घाट उतरून कोकणात गेलात की चित्र बदलतं. म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात दिसतं ते पांढऱ्या पाठीचं गिधाड, आणि ते घरटं करतं उंच झाडावर. तिकडे नारळाच्या शेंड्यातही त्याची घरटी सापडली आहेत. अंग काळपट, बसलेलं असताना पंखांखाली झाकलेली पांढरी पाठ सहसा दिसत नाही. डोक्यावरून उडताना मात्र ओळखायला सोपं : पंखांच्या खालच्या बाजूला पुढचा भाग पांढरा, मागची पिसं काळी. पिल्लं तपकिरी असतात, त्यांना हा पांढरा रंग नसतो आणि तिथे भलेभले चकतात.

जागेला एवढं महत्त्व का, तर खुद्द शास्त्रज्ञांनाही तिचा उपयोग झाला. गंगेच्या मैदानात आणि आसामात झाडांवर घरटी करणारं सडपातळ चोचीचं गिधाड 2001 च्या सुमारापर्यंत आपल्या लांब चोचीच्याच जातीत मोजलं जात होतं. ती वेगळी जात ठरली तेव्हा चोच-कवटीच्या मोजमापांबरोबर एक कड्यावर आणि दुसरं झाडावर राहतं, हा फरकही लक्षात घेतला गेला. अपवाद आहेतच. राजस्थानात काही ठिकाणी लांब चोचीची गिधाडंही झाडावर घरटी करतात.

बाकीची थोडक्यात. पिवळा चेहरा, मळकं पांढरं अंग आणि पाचरीसारखी शेपटी असलेलं पांढरं गिधाड गावाजवळच्या उकिरड्यावर चालताना दिसतं. घारीपेक्षा फार मोठं नसल्यामुळे लोक त्याला गिधाड मानायलाच तयार नसतात. लालबुंद डोक्याचं राजगिधाड जंगलातलं, एकटं किंवा जोडीनं राहणारं. हिमालयातली धिप्पाड गिधाडं, विशेषतः तरुण पिल्लं, हिवाळ्यात मैदानात भटकतात. हाडं खाणारं दाढीवालं गिधाड मात्र हिमालय सोडून तुमच्या कड्यावर येणार नाही.

सासऱ्यांना एवढी खात्री का, याचंही कारण आहे. त्यांच्या तरुणपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळ गिधाडांनी भरायचं. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के आणि लांब चोचीची जवळपास 97 टक्के घटली. राजस्थानातल्या भरतपूरला पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ही घट आधी टिपली. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण उघड झालं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यात शिल्लक राहतं, ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरतं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. 2015 मध्ये त्या बाटल्यांवर निर्बंध आले, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली.

तुमच्या कड्यावर घरटी असतील तर नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा काळ असतो. तेव्हा वर चढू नका, खालूनच दुर्बिणीनं बघा. आणि गोठ्यातलं जनावर तापानं किंवा सुजेनं बेजार असेल तर पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांसाठी सुरक्षित ठरलं आहे आणि सहज मिळतं.