वाघाटी : कुंपणावरची काटेरी वेल

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस सोडताना महाराष्ट्रात अनेक घरी वाघाटीच्या फळांची भाजी आवर्जून केली जाते. गोविंदफळ या नावानेही परिचित असलेली ही वरुण कुळातील सदाहरित वेल होय.

तिच्या पानांच्या देठाशी वाघनखांसारखे वाकडे काटे जोडीने असतात. त्यांच्या आधारे ती झाडाझुडपांवर चढते. लिनियस यांनी १७६२ मध्ये श्रीलंकेवरून तिला ‘कॅपॅरिस झेलॅनिका’ असे नाव दिले. परंतु तिचा प्रसार भारतापासून इंडोनेशियापर्यंत आहे. आपल्याकडे ती पानझडी वनांत, माळावरील झुडपांत व शेतांच्या कुंपणांवर आढळते. तिची पाने काही फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न आहे. फळे पिकल्यावर लाल होतात.

भाजीसाठी मात्र ती हिरवी असतानाच तोडतात. त्यांतील बी पक्व झालेले नसते. म्हणून सर्वच फळे काढल्यास नवी रोपे उगवण्यास बीच उरत नाही. शिवाय जिवंत कुंपणाच्या जागी तारेचे कुंपण आले, की वेलीचा आधार नाहीसा होतो. यासाठी प्रत्येक वेलीवर काही फळे पिकू द्यावीत आणि बांधावर तिला जागा राखावी. द्वादशीच्या पानातील तिचा मान त्यानेच टिकेल.