लहानग्यांचा मज्जापेशींचा कर्करोग : ओळख व निदान

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबाखू खाणारा प्रौढ माणूस येतो. परंतु दीड-दोन वर्षांच्या बाळालाही कर्करोग होऊ शकतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. 'न्यूरोब्लास्टोमा' हा असाच एक दुर्मीळ रोग. आम्ही डॉक्टर नाही. पालकांनी काय ओळखावे, एवढेच येथे सांगत आहोत.

गर्भावस्थेतील अपक्व मज्जापेशी परिपक्व न होता बेसुमार वाढू लागल्या की हा रोग होतो. बहुधा त्याची सुरुवात मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत होते; कधी कण्यालगत छातीत वा मानेत. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. आईच्या खाण्यापिण्याला किंवा कुणाच्या नजरेला दोष देण्यास काहीही आधार नाही.

लक्षणे अशी : (१) पोटात टणक गाठ लागणे, पोट फुगणे, (२) हाडे दुखून मूल लंगडणे, कडेवरून खाली उतरायला तयार नसणे, (३) मार लागलेला नसता डोळ्यांभोवती काळे-निळे होणे, डोळा पुढे येणे, (४) रेंगाळणारा ताप, फिकटपणा, वजन घटणे.

यांतील एकेक लक्षण साध्या आजारातही दिसते. म्हणूनच ताप टायफॉईडचा, लंगडणे पडल्यामुळे, पोट जंतांमुळे, असे समजून दिवस जातात. दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली व औषधाने हटली नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जावे आणि सर्व तक्रारी एकत्र सांगाव्यात. पोटातील गाठ तेल लावून चोळू नये. पायांतील शक्ती एकाएकी गेली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते.

प्रथम सोनोग्राफी होते. या गाठीतून निघणाऱ्या द्रव्यांचे अंश दहापैकी सुमारे नऊ मुलांच्या लघवीत वाढलेले आढळतात. नंतर स्कॅन, अस्थिमज्जेची तपासणी आणि गाठीचा तुकडा काढून बायॉप्सी.

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या भीतीने कित्येक जण येथेच माघार घेतात. ही भीती सोडली पाहिजे. तान्ह्या मुलांतील काही गाठी आपोआप विरतात, तर काहींना शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार लागतात. आपल्या बाळाची गाठ कोणत्या प्रकारची, हे या तपासण्यांवाचून कळत नाही.

बाळाला आपले दुखणे सांगता येत नाही. तेव्हा आंघोळ घालताना त्याच्या पोटाकडे नीट लक्ष द्यावे आणि ही माहिती शेजारच्या मातेलाही सांगावी, ही विनंती.