वाक्य कोणाच्या मुखातले?



गेल्या वर्षी आपल्या शाळेत ‘राष्ट्रकारभारात धर्माचे स्थान’ या विषयावर वादविवाद झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अनुकूल पक्षाच्या विद्यार्थ्याने समारोप करताना पंडित जवाहरलाल नेहरूंच्या नावावर एक वाक्य सांगितले. आपण शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू आहोत, असे पंडितजींनी स्वतःच कबूल केले होते, असे त्याचे म्हणणे. धर्म नावात नसून आचरणात असतो, हे दाखविण्यासाठी प्रतिकूल पक्षाच्या विद्यार्थ्याने गांधीजींचा आधार घेतला. तुमचा ख्रिस्त मला आवडतो, पण तुम्ही ख्रिस्ती लोक त्याच्यासारखे नाही, असे महात्माजी म्हणाले होते, असे त्याने सांगितले. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. इतक्यात श्रोत्यांतून आठवीतील एक मुलगी उभी राहिली आणि नम्रपणे म्हणाली, “सर, ही वाक्ये कोणत्या पुस्तकात आहेत?”

दोघेही वक्ते निरुत्तर झाले. परीक्षकाच्या खुर्चीवर मी होतो. मलाही उत्तर देता आले नाही. अधिक लाजेची गोष्ट अशी की, गांधीजींचे ते वाक्य त्या मुलाने माझ्याच तोंडून ऐकले होते. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी ते कित्येक वर्षे सांगत आलो होतो. त्या मुलीचे ऋण फेडावे म्हणून दिवाळीच्या सुटीत मी शोधास लागलो. त्या शोधाचे फळ आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम पंडितजींचे वाक्य घेऊ. ते त्यांच्या आत्मचरित्रातले म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. हा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. तो मी आरंभापासून अखेरपर्यंत वाचला. त्यात ते वाक्य नाही. ते सापडते ते दुसऱ्याच ठिकाणी. १९५९ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी संपादिलेला, नेहरूंविषयीच्या लेखांचा एक इंग्रजी संग्रह आपल्या मुंबईतच प्रसिद्ध झाला. त्यात डॉ. ना. भा. खरे यांचा लेख आहे आणि हे शब्द त्या लेखात आहेत. डॉ. खरे हे १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. १९३८ साली काँग्रेसश्रेष्ठींशी तीव्र मतभेद होऊन त्यांना ते पद सोडावे लागले आणि पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे हे शब्द नेहरूंच्या एका कडव्या प्रतिपक्ष्याच्या लेखणीतले आहेत.

प्रतिपक्ष्याला टीका करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि नेहरूंच्या हयातीत निघालेल्या ग्रंथात अशा टीकेला जागा मिळाली, ही संपादकाला भूषणावह गोष्ट होय. परंतु टीकाकाराचे शब्द ज्याच्यावर टीका केली त्याच्याच मुखात घातले, की टीकेचा कबुलीजबाब होतो. टीकेला उत्तर देता येते. जो कबुलीजबाब दिलाच नाही, त्याला १९६४ साली निवर्तलेला मनुष्य काय उत्तर देणार? अन्याय आहे तो येथे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे वळतो. गांधीजींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांत निघाले आहे. त्यात हे वाक्य आढळत नाही. मात्र ई. स्टॅन्ली जोन्स या अमेरिकन मिशनऱ्याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच आशयाचे उद्गार आहेत. तेथे ते रवींद्रनाथ ठाकुरांचे वडील बंधू द्विजेंद्रनाथ, म्हणजेच ‘बडोदादा’, यांच्या मुखातले आहेत. त्याच पुस्तकात गांधीजींशी झालेली भेटही वर्णिलेली आहे. ख्रिस्ती लोकांनी व मिशनऱ्यांनी आधी ख्रिस्तासारखे जगण्यास लागावे, असा उपदेश त्या भेटीत गांधीजींनी केला, असे जोन्स लिहितात. हा उपदेश माझ्या लाडक्या वाक्यापेक्षा सौम्य आहे, पण आचरणात आणण्यास कितीतरी कठीण. प्रसिद्ध नावाच्या मोहाने मी बडोदादांचे श्रेय हिरावून घेतले आणि गांधीजींच्या खऱ्या शब्दांकडे माझे लक्षच गेले नाही.

हा दोष एका पंथाचा किंवा एका देशाचा आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी पॅट्रिक हेन्री १७९९ साली वारला. ते राष्ट्र ख्रिस्ताच्या सुवार्तेवर उभारले गेले, अशा अर्थाचे एक वचन त्याच्या नावावर मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः ते शब्द १९५६ सालच्या एका मासिकातील लेखकाचे आहेत. ते मला ख्रिस्ती म्हणून कितीही सुखावह वाटले, तरी खरे नाहीत. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा लहानपणापासून आपण पाठ करतो. ती आपल्या बाजूने दिलेल्या साक्षीलाही लागू आहे.

याउलट एक उत्तम आदर्श आपल्या परळ-दादरच्याच परिसरात आहे. परळच्या चाळीत व पुढे दादरच्या ‘राजगृहा’त राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलले. पुरुष कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये, हा इशारा त्यांनी त्या भाषणात दिला. पण देताना तो जॉन स्टुअर्ट मिलचा असल्याचे स्पष्ट सांगितले. पुढे आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचे वचनही त्याचे नाव घेऊनच उद्धृत केले. आज मिलचा तो इशारा पुष्कळ ठिकाणी बाबासाहेबांचाच म्हणून छापला जातो. ज्यांनी दुसऱ्याचे श्रेय इतक्या काळजीने दुसऱ्याला दिले, त्यांच्यावरच आपण ते लादतो!

तेव्हा भाषणात एखादे वचन घालण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्थळ व काळ. भारतात एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, असे मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी विलायतेच्या पार्लमेंटात सांगितले, असे म्हणतात. पण त्या वेळी तो कलकत्त्यात होता. त्याची शिक्षणविषयक टिप्पणी त्याच दिनांकाची आहे. एवढ्यावरूनच ती कथा ढासळते. दुसरी गोष्ट, मूळ ग्रंथ. ग्रंथाचे नाव व पृष्ठ मिळेपर्यंत वचन राखून ठेवावे. गिरगावाजवळच्या मणिभवनात गांधीवाङ्मयाचे ग्रंथालय आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे; तेथवर जाण्यास फार तर एक सायंकाळ लागते. तिसरी गोष्ट, आपले मन. जे वचन ऐकताच आपल्याला अत्यानंद होतो, त्याची परीक्षा सर्वांत कसून करावी.

पालकांनाही एक विनंती आहे. आपले मूल घरी “हे कोठे लिहिले आहे?” असे विचारील, तेव्हा त्यास उद्धट समजू नका. त्याच्याबरोबर पुस्तक उघडा.

सुटी संपल्यावर प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांसमक्ष माझी चूक सांगितली. नंतर तो अनुकूल पक्षाचा विद्यार्थी माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, म्हणजे माझा पक्षच खोटा ठरला का?” मी म्हटले, “नाही बाळ, तुझा एक साक्षीदार खोटा ठरला. पक्ष खरा असेल, तर खरे साक्षीदार शोध.” यंदाच्या सभेत तो पुन्हा त्याच पक्षाने बोलला. या खेपेस त्याच्या हाती पृष्ठांक लिहिलेली एक वही होती.