लेकरू तोंड उघडं ठेवून झोपतं का? नाक, टाळू आणि दातांची तार



या महिन्याच्या आरोग्य पाठात आपण मुलांची झोप आणि दात यांबद्दल बोलणार आहोत. झोपेचा आणि दातांचा काय संबंध, असं वाटेल. पण दोन्हींच्या मध्ये श्वास आहे.

गटाच्या बैठकीत झोपेचा विषय निघाला की कुणीतरी हसून सांगतं, "आमचा पोरगा बापासारखाच घोरतो, एवढी गाढ झोप आहे त्याची." पण रोजचं घोरणं ही गाढ झोपेची खूण नाही. हवेची वाट अरुंद झाली की आवाज येतो. सर्दीत चार दिवस घोरलं तर घाबरू नका. सर्दी नसतानाही आठवड्यातल्या बऱ्याच रात्री घोरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

घरी काय बघायचं?

मूल झोपल्यावर तासाभराने जवळ बसा आणि बघा:
- तोंड उघडं आहे का? उशीवर लाळ गळते का?
- श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो का?
- मान मागे टाकून झोपतं का?
- अंथरूण ओलं करणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंय का?
- सकाळी डोकं दुखतं, ओठ कोरडे पडतात का?
- दिवसा चिडचिड करतं, वर्गात पेंगतं किंवा लक्ष लागत नाही का?

मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात मूल जागं असतं, त्यामुळे डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. श्वास अडला की तेवढे तास अंथरुणात काढूनही झोप पुरी होत नाही. मग आपण लेकराला आळशी म्हणतो, गादी ओली केली म्हणून मारतो. त्यात त्याचा दोष नसतो.

दातांचा संबंध कुठे येतो?

माडीच्या घरात खालच्या खोलीचं छत तीच वरच्या खोलीची जमीन असते. तसंच आपली टाळू म्हणजे तोंडाचं छत आणि नाकाची जमीन. टाळू अरुंद आणि उंच असेल तर नाकाची वाटही अरुंद असू शकते, दातांनाही जागा पुरत नाही, मग ते एकावर एक चढतात.

तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकते आणि टाळूला रुंद ठेवायला मदत करते. मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल तर जीभ खाली राहते, आणि टाळू अरुंद राहण्याची शक्यता वाढते. बरीच वर्षं अंगठा चोखण्यानेही असं होतं.

डब्याचं झाकण जसं डब्याला बाहेरून बसतं, तसे वरचे दात खालच्या दातांच्या थोडे बाहेर बसायला हवेत. मुलाला दात मिटायला सांगून बघा. दाढांच्या बाजूला वरचे दात आत आणि खालचे बाहेर दिसले, तर टाळू अरुंद असू शकते.

आधी नाक, मग तार

हा क्रम लक्षात ठेवा. मुलांच्या घोरण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे घशातल्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढणं. ॲलर्जीने चोंदलेलं नाक हेही कारण असतं. चुलीचा किंवा बिडीचा धूर त्यात भर घालतो. म्हणून पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काहींना औषधाने बरं वाटतं, काहींच्या गाठी काढाव्या लागतात.

त्यानंतर दातांचे डॉक्टर. वाकडे दात आणि जबडा नीट करणाऱ्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएसनंतर त्यांनी याच विषयात एमडीएस केलेलं असतं, ते विचारून घ्या. टाळू अरुंद असेल तर ते वरच्या दाढांना स्क्रू असलेली पट्टी बसवतात. लहानपणी टाळूच्या दोन भागांमधला सांधा पक्का जुळलेला नसतो. स्क्रू फिरवला की तो हळूहळू रुंद होतो. एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. बहुतेक वेळा घरी आईच छोट्या चावीने तो फिरवते, डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच. पुढच्या दातांत फट पडली तर घाबरू नका, टाळू रुंद होत असल्याची ती खूण आहे. नंतर हाड भरून यायला पट्टी काही महिने तशीच ठेवतात.

याने नाकाची वाटही थोडी मोकळी होते आणि काही मुलांचा श्वास सुधारतो. पण टाळू रुंद असेल तर फक्त घोरणं थांबवायला तार लावू नये. "तार लावा, सगळं घोरणं जाईल" असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मुलींसाठी वेळ दवडू नका

मुलीचे दात आपल्याला कधी दिसतात? स्थळं यायला लागली की! तोवर टाळूचा सांधा पक्का झालेला असतो आणि साध्या पट्टीने तो सहसा हलत नाही. मुलींच्या वाढीचा वेग मुलांपेक्षा लवकर येतो. म्हणून ७ वर्षांच्या आसपास एकदा दात आणि जबडा दाखवा, मुलगा असो की मुलगी.

कुठे जायचं, पैशाचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, घोरण्याचं आणि दातांचं आवर्जून सांगा. पथकाची तारीख आशाताईंना विचारा. पुढे गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालय. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो.

तारेसाठी गटातून कर्ज उचलण्याआधी चार गोष्टी विचारा: नाक-घसा तपासून झाला का? एकूण खर्च किती, लेखी द्याल का? किती महिने, किती फेऱ्या? हप्त्याने पैसे चालतील का? एसटीचं भाडं आणि बुडणारा रोजही हिशेबात धरा. उपचार अर्धवट सुटला तर पैसे जातात आणि दातही परत सरकतात.

मोठ्यांचं घोरणं

घरातलं मोठं माणूस घोरताना श्वास थांबत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर तपासणी करा. रक्तदाब असेल तर जास्तच. मोठ्यांसाठी हवेचं मशीन किंवा रात्री दातांवर बसवायचा साचा असे उपाय आहेत. बाईही घोरते, आणि लाजेने सांगत नाही. सांगा.

बैठकीत चर्चेसाठी
१. आपल्या गटात कुणाचं मूल रोज घोरतं?
२. शाळेतली पुढची तपासणी कधी आहे, हे कोण विचारून येईल?
३. मुलांच्या उपचारासाठी गटाच्या कर्जाला कमी व्याज ठेवता येईल का?

पुढच्या बैठकीला येण्याआधी एक रात्र लेकराच्या उशाशी बसा आणि काय दिसलं ते गटात सांगा.