अपेंडिक्स काढायचे की औषधावर भागेल?

प्रश्न : भाच्याचे अपेंडिक्स सुजले. एक सर्जन म्हणाले, लगेच ऑपरेशन करू. दुसरे म्हणाले, अँटिबायोटिक्सवर बघू. दोघेही संशोधनाचाच हवाला देत होते. असे उलटसुलट अभ्यास असताना निष्कर्ष काढतात तरी कसा? बहुमताने?

उत्तर : बहुमताने नाही, पण पुष्कळांचा तसा समज असतो. अभ्यास नुसते मोजले, तर पन्नास रुग्णांच्या अभ्यासाला आणि दीड हजार रुग्णांच्या अभ्यासाला सारखेच वजन मिळेल.

आधी प्रश्न नेमका ठरवतात : कोणते रुग्ण, कोणता उपचार, तुलना कशाशी आणि यश कशाला म्हणायचे. हे आधीच नोंदवून ठेवले, की निकाल पाहून प्रश्न फिरवायला वाव राहत नाही. मग किमान दोघे जण एकमेकांना न विचारता सगळे अभ्यास चाळतात. न छापलेलेही हुडकतात, कारण उपचार फसल्याच्या बातम्या छापून कमी येतात आणि नुसते छापलेले वाचले तर चित्र आहे त्याहून गोंडस दिसते. या साऱ्या खटाटोपाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. त्यातले आकडे एकत्र करण्याचे गणित म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. ज्या अभ्यासाचे उत्तर जास्त पक्के, त्याला त्यात जास्त वजन.

खरी अडचण पुढेच आहे. २०१५ मध्ये फिनलंडचा ५३० रुग्णांचा अभ्यास आला. अँटिबायोटिक्स घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावेच लागले. पाच वर्षांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात १,५५२ रुग्ण होते आणि तिथे नव्वद दिवसांतच २९ टक्क्यांवर ऑपरेशनची वेळ आली. एवढा फरक का? फिनलंडच्या डॉक्टरांनी अपेंडिक्समध्ये कठीण खडा असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, अमेरिकेत घेतले होते. अमेरिकेतल्या खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के, नसलेल्यांत २५ टक्के. दोन्ही अभ्यासांची सरसकट सरासरी काढली, तर ती कोणत्याच रुग्णाच्या कामाची नाही. असे फरक शोधून काढणे हा मला या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

शस्त्रक्रियेत आणखी एक गुंता असतो. गोळी सगळीकडे तीच असते, ऑपरेशन मात्र हाताहाताप्रमाणे बदलते. फिनलंडमध्ये बहुतेकांचे पोट उघडून ऑपरेशन झाले, अमेरिकेत बहुतेकांचे दुर्बिणीने. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर रुग्ण लवकर उठतो-बसतो, म्हणून औषधांची तुलना ज्या ऑपरेशनशी झाली, ते दोन्हीकडे सारखे नव्हतेच.

यावर उपाय म्हणून आता अभ्यासांचे छापील निष्कर्ष जोडण्याऐवजी प्रत्येक रुग्णाची मूळ नोंद नाव वगळून मागवतात आणि पुन्हा तपासतात. वेळखाऊ काम आहे, पण त्यातून खडा असलेल्यांना वेगळे आणि नसलेल्यांना वेगळे उत्तर देता येते. तेव्हा भाच्याच्या स्कॅनमध्ये खडा दिसतो का, हे दोन्ही सर्जनना जरूर विचारा.